तुझ्या भाषणातला रियाधचा मित्र

विन्या, तू गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगू? 'इथेही हा पुढेच.' रडू नंतर आलं, आधी हे आलं. शुभदावहिनींचा फोन होता. मी नुकताच हॉस्पिटलमधून येऊन बूट काढत होतो. त्या सांगत होत्या की तू सकाळी फिरून आलास, खुर्चीत बसलास, चहा मागितलास आणि चहा येईपर्यंत संपलास. आपण दोघांनी किती माणसं नळ्या लावलेली, महिनोन्महिने रखडत जाताना पाहिली आहेत. असं मरण मागून मिळत नाही, आणि तुला न मागता मिळालं. तुला सगळंच तसं मिळत आलं.

तू हे वाचलं असतंस तर मोठ्याने हसला असतास. 'जळ, मध्या, जळ लेका,' म्हणाला असतास. मी जळतो हे तुला कॉलेजपासून ठाऊक होतं आणि तू त्याचा कधी राग मानला नाहीस. त्याचाही मला राग यायचा.

वहिनी पुढे म्हणाल्या, "माधवभावोजी, शोकसभेला तुम्ही यायलाच हवं. इथली माणसं मला विचारतायत, डॉक्टरांचा तो रियाधचा मित्र येणार का? त्यांना तुम्हाला बघायचंय."

मी कधी न पाहिलेल्या तुझ्या त्या अमेरिकेतल्या गव्हाच्या राज्यात मला सगळे ओळखतात, ही तुझी करणी. तू तिथल्या विधानसभेत निवडून आलास आणि प्रत्येक सभेत माझी गोष्ट सांगत फिरलास. अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी सांगण्यासाठी मी तुझ्याशी दोन वर्षं फोनवर भांडत होतो. वहिनी बोलत होत्या आणि मी एका पायात बूट तसाच ठेवून ठरवत होतो की आपण जायचं, तुझ्या माणसांसमोर उभं राहायचं आणि पुरी गोष्ट सांगायची. दुःखात माणूस असला हिशेब करतो का? मी केला.

मुळात भाषण हे माझं क्षेत्र होतं रे. मिरजेला मेडिकलला असताना वक्तृत्वाच्या ढाली कोण आणायचा? जी.एस.च्या निवडणुकीत तू माझ्याविरुद्ध उभा राहिलास, स्टेजवर आलास, पहिलं वाक्य विसरलास आणि "धन्यवाद" म्हणून खाली उतरलास. सगळं हॉस्टेल तुला महिनाभर 'धन्यवाद' म्हणून हाक मारत होतं. नंतर तूच माझ्या खोलीवर आलास आणि म्हणालास, "मध्या, बोलायचं कसं ते शिकव." मी शिकवलं. महत्त्वाच्या वाक्याआधी थांबायचं, समोरच्या शेवटच्या बाकाकडे बघायचं, लोकांना वाटलं पाहिजे की हा विसरला, आणि मग हळू आवाजात वाक्य टाकायचं. हे सगळं माझं. तुझ्या गावातले लोक त्याला 'डॉकचा पॉज' म्हणतात असं वहिनींनी सांगितलं तेव्हा माझ्या पोटात जे दुखलं, त्यावर मेडिकलला उपाय शिकवलेला नाही.

पुढे तू अमेरिकेत गेलास, सर्जन झालास, तिथला पासपोर्ट घेतलास. मी भूलतज्ज्ञ झालो आणि रियाधला आलो. भाषणं करणारा माणसांना झोपवायला लागला आणि ज्याला चार वाक्यं बोलता येत नव्हती तो लोकांना जागं करायला निघाला. इथे भाषण कुठे करणार? ऑपरेशन थिएटरमध्ये माझा श्रोता तीन मिनिटांत बेशुद्ध होतो.

आणि मग तू माझ्याच हॉस्पिटलमध्ये आलास. अमेरिकेत कंटाळलोय, दोन-तीन वर्षं वाळवंट बघतो, म्हणालास. मला आनंद झाला. खरंच झाला, तुझी शपथ. पहिल्या आठवड्यात त्यातला निम्मा गेला. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आपण उभे राहायचो, पेशंट एकच, पण तुझा पासपोर्ट अमेरिकन होता म्हणून तू भिंतीआडच्या कंपाउंडमध्ये राहायचास, जिथे हिरवळ होती, पोहायचा तलाव होता आणि वहिनी अबाया न घालता फिरू शकत होत्या. मी मलझच्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान. माझा पासपोर्ट हॉस्पिटलच्या तिजोरीत, तुझा तुझ्या खिशात. गणपतीसुद्धा तुझ्याकडेच बसायला लागला. आधी तो आमच्याकडे बसायचा, पडदे लावून, एसीचा आवाज मोठा करून, टाळ्या न वाजवता. तुझ्या कंपाउंडमध्ये जरा मोकळेपणाने आरती म्हणता येते म्हणून सगळ्या रियाधची मराठी मंडळी तुझ्याकडे वळली. तुझी नीलिमावहिनी घरी येताना म्हणाली, "देवाला पण बरी जागा कळते." मी तिच्यावर विनाकारण ओरडलो.

तुझं राजकारण त्या कंपाउंडमध्येच सुरू झालं, हे तुझ्या अमेरिकन मतदारांना माहीत नव्हतं. तलाव संध्याकाळी किती वाजता बंद करायचा यावरून तिथे ब्रिटिश आणि अमेरिकन कुटुंबांत जुंपली होती. रहिवाशांची बैठक होती आणि तू मला बरोबर घेऊन गेलास. तू उभा राहिलास. थांबलास. शेवटच्या खुर्चीकडे बघितलंस. आणि हळू आवाजात म्हणालास की ज्या घरात नियम नसतो तिथे आधी मुलं बिघडतात आणि मग तलाव. लोक हसले, टाळ्या पडल्या आणि तुला कमिटीचा अध्यक्ष करून टाकलं. गाडीत बसल्यावर तू विचारलंस, "कसं झालं?" मी म्हणालो, "आवाज अजून नाकातून येतो." खोटं होतं. आवाज उत्तम लागला होता.

तू परंपरावादी होतास ते काही अमेरिकेत गेल्यावर झाला नाहीस. तू मिरजेलाही तसाच होतास. लवकर उठायचं, शब्द पाळायचा, कुणापुढे हात पसरायचा नाही, पोरांनी मोठ्यांसमोर नीट बसायचं. हॉस्टेलची मेस बंद पडली तेव्हा आम्ही मोर्चा काढला आणि तू स्टोव्ह आणून भात लावलास. सरकारने करावं असं तुला काही कधी वाटलंच नाही. म्हणून पुढे तू तिथल्या हत्तीच्या चिन्हाच्या रिपब्लिकन पक्षात गेलास तेव्हा मला नवल वाटलं नाही. चर्चच्या न्याहारीला तू कसा जातोस, असं मी विचारलं होतं. तू म्हणालास, "देव मानणारी माणसं आहेत. कुठला, हा तपशील झाला." ही एवढी सोय तुझ्या स्वभावात होती. माझ्यात असती तर मीही कुठे तरी पोचलो असतो.

आता ती ईद. तू ही गोष्ट कुठल्याच सभेत सांगितली नाहीस, म्हणून मी सांगतो.

सांगलीहून धाकट्या भावाचा फोन आला की आईला अर्धांगाचा झटका आलाय, ये. विमानं होती. जागा होती. पण माझा पासपोर्ट तिजोरीत आणि देशाबाहेर पडायच्या परवानगीवर मुदीरची सही लागणार. मुदीर म्हणजे आमच्या कर्मचारी विभागाचा साहेब. तो ईदच्या सुटीत शहराबाहेर गेलेला. कार्यालयात एक कारकून जांभया देत बसला होता. मी त्याला आईचं सांगितलं. "बुक्रा, इन्शाअल्ला," म्हणाला. उद्या, देवाची इच्छा असेल तर. दुसऱ्या दिवशीही तेच. मी, चाळिशी उलटलेला डॉक्टर, शेकडो लोकांचे श्वास सांभाळलेला माणूस, कॉरिडॉरमधल्या बाकावर शाळेतून घरी न सोडलेल्या पोरासारखा बसून होतो.

तू राऊंड संपवून येत होतास. मला बघितलंस. काय झालं ते ऐकलंस आणि एवढंच म्हणालास, "यल्ला, चल, उठ."

तुझ्या गाडीतून आपण शहराबाहेरच्या त्या विश्रामगृहावर गेलो, जिथे मुदीरचं सगळं गोत ईदला जमलं होतं. दाराशी तू नाव सांगितलंस आणि दार उघडलं. मी इतकी वर्षं या देशात होतो विन्या, पण कुणा सौदी माणसाच्या बैठकीत माझं पाऊल कधी पडलं नव्हतं. तू आत गेलास तो घरच्यासारखा. त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांचं पित्ताशय तू काढलं होतंस, त्यांनी तुझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. आपल्याला गाद्यांवर बसवलं. खजूर आले, वेलदोड्याची ती पिवळसर अरबी कॉफी, गहवा, आली. मी घाईघाईने कप तोंडाला लावला. तू मात्र तुझा कप तसाच, न पिता, समोर जमिनीवर ठेवलास आणि गप्प बसलास.

सगळी बैठक गप्प झाली. मला वाटलं, याने काही तरी अपमान केला. म्हाताऱ्याने कपाकडे बघितलं, मग तुझ्याकडे. म्हणाला, "इशरब गहवतक." गहवा पी. मुदीरही पुढे सरकला आणि म्हणाला, "पी डॉक्टर. जे मागायला आला आहेस ते झालं समज."

परत येताना तू सांगितलंस की हा इथला जुना रिवाज आहे. पाहुण्याचं काही मागणं असेल तर तो गहवा पीत नाही, कप खाली ठेवतो. मागणं मान्य झाल्याशिवाय त्याने कप उचलला तर मागणं गेलं. आणि पाहुणा न पिता उठला तर यजमानाची अब्रू गेली. हे तुला एका पेशंटने सांगितलं होतं. मी तोवर माझी गहवा पिऊन बसलो होतो. एकटा गेलो असतो तर आधी दारातूनच परत आलो असतो आणि आत शिरलो असतो तरी पहिल्या घोटात काम घालवलं असतं.

मुदीरने तिथूनच फोन केला, कारकुनाने तिजोरी उघडली, संध्याकाळच्या विमानात मी होतो. आईने मला ओळखलं. डाव्या हाताने माझा कान धरला, जसा लहानपणी धरायची. त्यानंतर चार दिवस ती होती. ते चार दिवस तुझे, विन्या. मी त्याचे आभार कधी मानले नाहीत, कारण तुझे आभार मानायचे म्हटलं की मी विषय बदलायचो. मी विमानात बसून काय विचार करत होतो? आई जगेल का हा, आणि दुसरा, की माझ्या आईकडे जायची परवानगी याच्या एका कपावर मिळाली. याला मिळाली. मला नाही.

पुढच्या वर्षी कंपाउंडांवर हल्ले झाले आणि तुम्ही निघालात. तू मला विमानतळावर मिठी मारलीस आणि म्हणालास, "तूही निघ." कुठे निघू? तुझ्याकडे जायला देश होता. माझी पोरं इथल्या इंडियन स्कूलमध्ये, सांगलीचा फ्लॅट अर्धा बांधलेला, आणि परत जाऊन या वयात कुणाच्या नर्सिंग होममध्ये उमेदवारी करू? मी राहिलो.

तू गेलास आणि सुटलासच. आधी गावच्या शाळेच्या बोर्डावर निवडून आलास. मग राज्याच्या विधानसभेवर. दर शुक्रवारी सकाळी, म्हणजे तुझ्या गुरुवारी जेवणं आटोपल्यावर, तुझा फोन. कोणत्या गावात काय बोलू, कोणतं वाक्य आधी, कोणतं नंतर. मी इथून तुला भाषणं बांधून द्यायचो आणि तू म्हणायचास, "मध्या, उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते तुला बघून कळतं, आणि तुझ्याकडे तर उंटही खरा आहे." मी हसायचो. फोन ठेवल्यावर नीलिमा विचारायची, "काय म्हणतात तुमचे आमदार?" तुमचे आमदार! तू निवडून आलास त्या दिवशी मी मंडळात पेढे वाटले. लोक म्हणाले, केवढं मन आहे डॉक्टरांचं. त्यांना काय माहीत, माझं नाव सांगलीच्या मतदार यादीतूनसुद्धा कधीच उडालं होतं. मला जगाच्या पाठीवर कुठेच मत नव्हतं आणि तू मतं मागत फिरत होतास.

मग ते भाषण. माझी मुलगी कॉम्प्युटरवर बसली होती, ती ओरडली, "बाबा, कम हिअर! विनू अंकल इज टॉकिंग अबाउट यू!" चित्र अडकत, थांबत येत होतं. तू सूट घालून उभा होतास. तुमच्याकडे तेव्हा बाहेरून येणाऱ्या मजुरांवरून रण माजलं होतं, त्यांना नागरिकत्व द्यायचं की पाहुणे कामगार म्हणून ठेवायचं. आणि तू म्हणत होतास की मी अरबस्तानात राहिलोय, तिथे यावर सोपं उत्तर आहे. माणूस येतो, एका मालकाच्या जबाबदारीवर काम करतो, काम संपलं की घरी जातो. मग तू थांबलास. शेवटच्या बाकाकडे बघितलंस. आणि हळू आवाजात म्हणालास, "माझा सगळ्यात जवळचा मित्र तिथे डॉक्टर आहे. पंधरा वर्षं झाली. त्याने कधी त्या देशाकडे नागरिकत्व मागितलं नाही. तो मानाने राहतो, मानाने घरी जातो. तो सुखी आहे."

टाळ्या. मुलगीसुद्धा टाळ्या वाजवत होती. "यू आर फेमस, बाबा!"

त्या शुक्रवारी मी तुझ्या फोनची वाट बघितली नाही, मीच केला.

"विन्या, घरी मानाने जातो? तू माझ्या आईच्या वेळी कुठे होतास?"

"तुझ्याबरोबर."

"मग?"

"मग काय? पोचलास ना?"

"तुझ्यामुळे पोचलो!"

"अरे, सभेत सगळी गोष्ट सांगत नाहीत. हे मला कुणी शिकवलं?"

खरंच मीच शिकवलं होतं.

"तू स्वतः गेलास तेव्हा तुला कुणी पाहुणा म्हणून ठेवलं होतं का?" मी विचारलं. "तू घेतलंसच ना नागरिकत्व?"

"मी रांगेत उभा राहून घेतलं, मध्या. वर्षानुवर्षं. चोरून नाही."

"इथे रांगच नाही रे. उभा कुठे राहू?"

मग म्हणालास, "पण तू राहिलासच की. कुणी बांधून ठेवलं नव्हतं. वाईट असतं तर राहिला असतास?"

याचं उत्तर दोन वर्षं शोधतोय. अजूनही मी इथेच आहे, हे तुझ्या बाजूचं सगळ्यात मोठं साक्षीपत्र, आणि ते मी रोज सकाळी गळ्यात इकाम्याचं, इथे राहायच्या परवान्याचं, कार्ड अडकवून स्वतःच देतो. पुढच्या सभेत पुरी गोष्ट सांगतो, असं तू म्हणालास. तुझी मुलगी व्हिडिओ पाठवत राहिली. तू प्रत्येक ठिकाणी अर्धीच सांगितलीस. लोकांना अर्धीच आवडायची. आणि आता तू वॉशिंग्टनच्या संसदेसाठी उभा राहायची तयारी करत होतास. मला आतून धाक पडला होता की हा निवडून आला तर माझं सुख कायद्यात जाईल.

तर वहिनींच्या फोननंतर मी दुसऱ्या दिवशी कर्मचारी विभागात गेलो. जुना मुदीर निवृत्त झालाय, त्याच्या जागी एक तरुण आहे, सभ्य. त्याने विचारलं, "फादर? मदर? ब्रदर?" मी म्हणालो, मित्र. त्याने पेन खाली ठेवलं. "दॉक्तोर, अल्ला त्याच्यावर दया करो. पण मित्रासाठी तातडीची रजा नाही." बाहेर आमचा केरळी क्लार्क हळहळला, "डॉक्टर साब, भाई बोल देते ना. कौन देखता है." का नाही म्हणालो भाऊ? जीभ उचलली नाही. भाऊ म्हणायचं ते तू जिवंत असताना कधी म्हणालो नव्हतो, आता रजेसाठी म्हणू? शिवाय अमेरिकेचा व्हिसा इतक्या लवकर मिळाला नसताच. मी माझ्या गाडीत जाऊन बसलो आणि तेव्हा पहिल्यांदा तुझ्यासाठी मोकळेपणी रडलो. तू असतास तर कुठे तरी जाऊन एक कप जमिनीवर ठेवला असतास.

वहिनींना कळवलं. त्या म्हणाल्या, "मग फोनवर बोला. हॉलमध्ये स्पीकर लावतो."

काल ती सभा झाली. तुमची सकाळ, आमची संध्याकाळ, मगरिबची अजान नुकतीच झालेली. मी शर्ट बदलला. फोनवर कोण बघणार होतं? तरी इस्त्रीचा घातला. नीलिमाने टीव्ही बंद केला. मी पंचवीस वर्षांनी भाषण करणार होतो आणि मी ते तयार केलं होतं, विन्या. आधी तुझ्याबद्दल दोन चांगली वाक्यं, मग ईदची गोष्ट, पूर्ण, आणि मग शेवट, की हा माणूस सांगायचा त्या पद्धतीत सज्ञान मुलाला मरणाऱ्या आईकडे जायला परक्याची सही लागते. मी सुखी नाही. माझ्या नावावर कायदा करू नका. एवढंच. तुझ्यावर चिखल उडवायचा नव्हता मला. माझी गोष्ट मला परत हवी होती.

मी बोललो. इंग्रजी सुरुवातीला अडखळलं, मग लागलं. तिजोरी सांगितली, बाक सांगितलं, "बुक्रा" सांगितलं. तुझी गाडी, ती बैठक, ती गहवा. तू कप खाली ठेवलास इथवर आलो आणि थांबलो. मीच शिकवलेलं थांबणं. पलीकडे इतकी शांतता की मला वाटलं लाइन गेली. मग हळू आवाजात म्हणालो, "यजमान म्हणाला, पी डॉक्टर, तुझं मागणं झालं समज. आणि मी माझ्या आईला भेटलो."

पुढचं वाक्य तोंडात होतं, आणि टाळ्या सुरू झाल्या.

आधी थोड्या, मग सगळा हॉल. कुणी तरी हुंदका दिला. मी "वन मिनिट, लेट मी फिनिश" म्हणालो, दोनदा म्हणालो, स्पीकरच्या गोंगाटात ते कुणाच्या कानावर गेलं नाही. मग एक तरुण आवाज माइकवर आला. तुझ्या जागी आता निवडणुकीला उभा राहणारा कुणी उमेदवार असावा. घोगऱ्या आवाजात म्हणाला, हा होता आपला डॉक. दुसऱ्याच्या आईसाठी वाळवंट तुडवणारा. त्याचं अपुरं काम आपण पुरं करू, पाहुण्या कामगारांचा तो कायदा आपण वॉशिंग्टनला घेऊन जाऊ. आणि टाळ्या आणखी वाढल्या. मेल्यावरही तूच निवडून आलास, विन्या. माझ्या भाषणावर.

मला फोन आपटायला हवा होता. तोंड उघडून ओरडायला हवं होतं की गाढवांनो, तुम्ही उलटं ऐकलंत. नीलिमा समोरून हाताने विचारत होती, काय झालं, ठेवा आता. गोष्ट अर्धीच राहिली होती, या खेपेला माझ्या तोंडून. आणि तू इतका हवा होतास मला त्या वेळी की सांगता येत नाही. तुला फोन करून शिव्या घालायच्या होत्या, आणि विचारायचं होतं, कसं झालं?

मी फोन ठेवला नाही. टाळ्या संपेपर्यंत कानाला धरून बसलो. त्या तुझ्या होत्या हे मला माहीत होतं. पण लांबून, तारेतून ऐकताना टाळ्यांवर कुणाचं नाव नसतं रे, आणि तेवढा वेळ मी त्या माझ्या म्हणून ऐकून घेतल्या.